माशाच्या पोटातलं डोहाळजेवण

आमच्या सोलापुरात समुद्र नाही, गावात नदी नाही, उन्हाळ्यात विहिरीला धड पाणी नाही. तिथं माझ्या काकानं देवमाशांचं संग्रहालय काढलं होतं. शुक्रवार पेठेत आमच्या घराला लागून कापसाचं एक रिकामं गोदाम होतं, त्यात. दारावर पाटी होती, ‘सागरी संशोधन संग्रहालय’. काका तरुणपणी कोकणात बंदरावर नोकरीला होता. तिथं किनाऱ्याला लागलेला एक मेलेला देवमासा त्यानं वाळूत पुरून ठेवला आणि हाडं सुटी झाल्यावर ती बैलगाड्यांतून, मग रेल्वेतून घरी आणली. मुंबईचे शास्त्रज्ञ आपल्या दारी येतील असं त्याला वाटायचं. कुणी आलं नाही. एकदा दोन मास्तर आले, तेही उन्हाचे टेकायला.

कोरड्या हवेत हाडं तडकायची, म्हणून त्यांवर ओली पोती घालावी लागत. ते पाणी विहिरीवरून आणायची काकी. तिचं माहेर कुंभारीच्या पुढं, अक्कलकोटच्या वाटेवर. म्हणाल तर अर्ध्या दिवसाची गाडीवाट, पण लग्नानंतर काकानं तिला एकदाही धाडलं नव्हतं. हाडं कोण भिजवणार? काकीला दिवस राहिले तेव्हा तिला सगळ्यात मोठा आनंद झाला तो याचा, की पहिलं बाळंतपण माहेरी असतं आणि आता कुणाला नाही म्हणता येणार नाही. ती मला सांगायची, “आईच्या हातची पेज खाणार, आन् महिनाभर न्हाणीत बसून ऊन ऊन पानी घेणार.”

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. कुणी झोपाळ्यावर करतं, कुणी चांदण्यात, हौशी लोक नाव सजवून तिच्यात करतात. आमच्या घरी हे डोकं चाललं ते माझ्या आईचं. तिला स्वतःला नववा लागला होता, पण चौथ्या खेपेचं कौतुक कोण करतो? ती काकाला म्हणाली, “भावजी, नावेतलं सगळेच करतात. तुम्ही माशाच्या पोटातलं करा. अख्खी पेठ लोटंल बघायला.” काकाचे डोळे चमकले.

काकीला हिरवी साडी नेसवून, फुलांची वाडी घालून त्या फासळ्यांच्या आत पाटावर बसवली. हाडांना उन्हाळ्यात तेल सुटायचं, त्याचा उग्र वास सगळीकडं भरला होता. काकीनं नाकाला पदर लावला. “आक्का, मला बाहेर घ्या की,” असं ती दोनदा म्हणाली. आईनं तिच्या तोंडात पेढा कोंबला आणि बायकांनी गाणी सुरू केली.

पेठ खरंच लोटली. आणि बायकांनी काय करावं? पुढच्या आठवड्यापासून पोटुशा बाया आपणहून येऊ लागल्या. माशाच्या पोटात बसून बाहेर आलं की बाई सुखरूप सुटते, असं कुणीतरी बोललं आणि ते पेठभर पसरलं. काकाला विज्ञानापेक्षा गर्दी गोड लागली. येणारी प्रत्येक बाई विचारायची, “पहिली बसली तिचं काय झालं?” काकाला दाखवायला काकी हवी होती.

तिचा भाऊ गाडी घेऊन आला तेव्हा काकानं त्याला ओसरीवरूनच वाटेला लावलं. भाऊ हात जोडून म्हणाला, “दाजी, आई लई वाट बघतीया. रीत हाय की.”

“बाळंतपण होऊ दे इथं. मग न्या खुशाल. शब्द देतो.”

काकी दाराआड उभी होती. भाऊ गेल्यावर ती पाण्याला गेली.

मूल मेलेलं जन्माला आलं. मुलगा होता. काकानं तो फडक्यात गुंडाळून नेला, काकीला तोंडही दाखवलं नाही. माशाला कुठल्या माडाजवळ पुरलं होतं ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगे. पोराला कुठं पुरलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. घरातल्यांना मात्र बजावलं, “कुणी विचारलं तर पोर जिवंत आहे.”

माझा धाकटा भाऊ तेव्हा दोन महिन्यांचा होता, पण महिन्याचाही वाटू नये इतका काटकुळा. बायका बाळ बघायला आल्या की आई त्याला काकीच्या मांडीवर ठेवी. कुणी आईच्या बाळाची चौकशी केली तर ते आत झोपलेलं असे. काकीला दूध उतरलं होतं. आईनं तिची छाती कापडानं करकचून बांधली आणि सांगितलं, “मांडीवर घे, पण पाजायचं नाही माझ्या पोराला.” पलीकडं गोदामात काका छडीनं फासळ्या दाखवत बायकांना सांगत असायचा, की देवमासा अंडी घालत नाही, पिल्लाला अंगावर पाजतो. मला आईची आणि काकाची तेव्हा किळस आली. आज दोघंही नाहीत, पण ती किळस गेलेली नाही.

महिन्याभरानं माहेरची गाडी आली. या खेपेला काकीची आईही होती. तिनं कुंची आणली होती, डिंकाचे लाडू आणले होते. तिनं बाळाला मांडीवर घेतलं, त्याच्या मनगटात काळे मणी बांधले आणि म्हणाली, “नाक आज्यावर गेलंय बघ, डिट्टो.” काकी जमिनीकडं बघत होती.

भाऊ म्हणाला, “दाजी, आता तर न्यायची की?”

काका हसला. “न्या ना. मी शब्द दिला होता, तो पाळतो.”

काकी झटक्यात उठली. तिनं बोचकं कधीच बांधून ठेवलं होतं, ते आतून आणलं आणि पायात वहाणा घातल्या. भाऊ गाडीतली गादी सारखी करत ओरडला, “पोराला घे आन् चल, ताई. ऊन चढतंय.”

बाळ रडायला लागलं होतं. आईनं पुढं होऊन ते म्हातारीच्या मांडीवरून उचललं, छातीशी धरलं आणि काकीकडं बघत उभी राहिली. काका ओसरीवर पान जुळवत बसला. त्याला बोलायची गरजच नव्हती.

“घे की गं लेकराला,” म्हातारी म्हणाली.

काकीनं वहाणा काढल्या. “पुढच्या खेपंला येईन, आई,” ती म्हणाली. “आता त्याला वारं लागंल.”