अकरा हजार दोनशेची शिल्लक

मले राग लवकर येते, हे मेडशीत कोनी बी सांगन. पन यावेळचा राग वेगळा हाय. त्यातला अर्धा त्या जगदेववर हाय अन् अर्धा माह्या स्वतःवर. म्हनून चंदाची गोष्ट मीच सांगते. दुसरी कोनी सांगनारी स्वतःले वाचवून सांगन.

चंदा हरिसिंग राठोड. आमच्या गावापासून एसटीनं अर्ध्या तासावर तिचा तांडा. मायबाप ऊसतोडीले जात, ते पोरगी बी सोबत जाये. मुकादम उसाच्या मोळ्या मोजताना कशा कमी धरते, हे तिनं नवव्या वर्षी स्वतः मोजून पकडलं होतं. पुढं मालेगावले जाऊन बी.कॉम. झाली. आमी तीस बायाईनं मिळून डाळ मिल टाकली, तवा हिशेबनीस पाहिजे होता. महिन्याचे सहा हजार ऐकून कोनी फिरकलं नाई. ती आली.

चार वर्षं सकाळच्या गाडीनं आली. मिलच्या पैशानं चहा आनला तरी पावती फाडे. मी तिले पावतीबाई म्हनून चिडवत जाये. ते हसे अन् म्हने, "कस्तुराकाकू, तुमी बोट दाखवलं तिथी सही ठोकता. एक दिवस फसान."

ऑगस्टात वार्षिक सभा होती. गेल्या साली नफा सगळा वाटला होता, म्हनून यंदा बी बाया पोळ्याच्या आत वाट्याची वाट पाहून राह्यल्या होत्या. ऑडिटरकडून कागद आले ते चंदानं भिंतीले चिकटवले. एक ताळेबंद, दुसरं रोकड पत्रक. दुसऱ्यात वजाचे आकडे कंसात होते, ते कोनी वाचलंच नाई.

सभा बायाईची, पन अध्यक्ष वैष्णवीचा नवरा जगदेव पुढच्या खुर्चीत बसला. त्याले बोलावलं कोनं, हे इचारायची बी हिंमत नाई आमच्यात. उठला अन् ताळेबंदावर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागला. "शिल्लक नफा, तीन लाख चाळीस हजार." बाया खुश. मंग बोट दुसऱ्या बाजूले नेलं. "बँकेतली शिल्लक, अकरा हजार दोनशे." अन् वळला. "एकाच पानावर दोन शिल्लक. मधातले सव्वातीन लाख कुठी गेले?"

आता आमच्याकडं शिल्लक म्हंजे काय? टोपल्यात उरलेली भाकर. हाय तं हाय, नाई तं कोनीतरी खाल्ली. चंदा सांगाले उठली, "भाऊ, दोन्ही शिल्लक वेगळ्या हायेत. दुसरं पान पाहा." त्यानं बोलूच दिलं नाई. म्हने, "तांड्यावरच्या लोकाईच्या हाती कपाटाची किल्ली देता अन् वरून हिशेब इचारता?"

त्या वाक्यावर त्याले पायतान मारून हाकलाले पाहिजे होतं. आमी तीस जनी होतो. एकीनं तोंड उघडलं नाई, अन् जिनं उघडलं ते मी. काय म्हनलं मी? "चंदे, कुठी ठेवले असतीन तं सांगून टाक, बाई."

पोरीनं माह्याकडं पाह्यलं अन् खाली बसली. वैष्णवीनं ठराव बुकात नवऱ्यानं सांगितलं तसं लिहिलं. हिशेबनीसानं रक्कम दडवल्याचा संशय, आठ दिवसात भरली नाई तं पोलिसात तक्रार. आमच्यात रिवाज हाय, पहिली सही वयानं मोठी असन तिची. मोठी मीच. वाचलं नाई. बोट दाखवलं तिथी सही केली.

पाचव्या दिवशी चंदाचा बाप हरिसिंग माह्या दारात आला. आत येईना, पायरीवरच बसला. म्हने, "बाई, बैलजोडीचा सौदा केला. बाकीचे व्याजानं आनतो. पोलीस तांड्यावर आले तं पोरीचं नाव जन्मभर तसंच राहीन."

मी म्हनलं, "दादा, तिनं घेतले काय?"

"नाई."

"मंग कायले भरता?"

"तुमची सही हाय न त्याच्यावर," म्हने.

तशीच एसटीत बसली अन् तांड्यावर गेली. चंदा अंगनात तूर निवडून राह्यली होती. तिची माय रामीबाई मले पाहून आत निघून गेली, बरोबरच केलं तिनं. मी म्हनलं, "चंदे, मले ते दुसरं पान समजावून सांग. मी हिशेबात अडाणी, पन बहिरी नाई."

तिनं तुरीचं सूप बाजूले सारलं. मंग कागद आनला. "काकू, ताळेबंद एका दिवसाचा असते. एकतीस मार्चले कणगीत किती दाने हायेत, एवढंच तो सांगते. हे पान सांगते, गेल्या मार्चपासून या मार्चपर्यंत कणगीत काय पडलं अन् काय निघालं. नफा म्हंजे नोटा नाई. नफ्याची तूर होते, उधारी होते, मशीन होते."

"आकडे सांग," मी म्हनलं.

"नफा तीन लाख चाळीस हजार. मशीनची झीज म्हनून चाळीस हजार नफ्यातून कापले होते, पन ते कोनाले दिले नाईत, म्हनून परत मिळवा. झाले तीन लाख ऐंशी. गोदामात गेल्या सालापेक्षा एक लाख साठ हजाराची तूर जास्त पडून हाय, ते वजा. लोकाईकडं उधारी एक लाख वीस हजार वाढली, ते वजा. नवी चाळणी एक लाख चाळीस हजार रोख मोजून आनली, ते वजा."

मी बोटाईवर मोजलं. "उलटे चाळीस हजार कमी पडतात की."

"पडतात. ते गेल्या मार्चच्या शिल्लकीतून गेले. तवा बँकेत एकावन्न हजार दोनशे होते. राह्यले किती?"

अकरा हजार दोनशे. पासबुकात तेवढेच, ताळेबंदात तेवढेच, रुपयाचा फरक नाई. तूर आमच्याच गोदामात, चाळणी आमच्या डोळ्यासमोर रोज खडखड करून राह्यली, अन् आमी पोरीले चोर ठरवून बसलो. बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी, ते हेच.

"अन् हे उधारी कोनाची?" मी इचारलं.

ते कागद घडी करू लागली. "ताळेबंदात नावं नसतात, काकू. यादी कपाटात हाय."

दुसऱ्या दिवशी मी तीसही बाया मिलमधी बसवल्या. चंदाले सोबत आनलं. आकडे जसे ऐकले तसे सांगितले, गोदामाचं कुलूप काढून पोती मोजाले लावली. मंग यादी काढाले लावली. एक लाख वीस हजारातले नव्वद हजार जगदेवचे. पोहरादेवीच्या यात्रेआधी दुकानाईत इकाले डाळ उचलली होती, अन् अजून एक रुपया दिला नव्हता. चोराच्या उलट्या बोंबा. त्या दिवशी खुर्ची रिकामी होती. म्हने, वाशिमले काम निघालं.

वैष्णवी रडली. उठली अन् ठराव बुकातलं ते पान फाडाले गेली. चंदानं तिचा हात धरला.

"फाडू नका, ताई. हिशेबात चुकीची नोंद खोडत नाईत, फाडत बी नाईत. उलटी नोंद टाकतात. ज्यायच्या सह्या तिथी हायेत, त्यायच्याच इथी पाहिजेत."

उलटा ठराव लिहिला. तीस सह्या झाल्या, पहिली माही. मी तो ठराव तांड्यावर नेऊन हरिसिंगले वाचून दाखवला. बैलजोडी गेली नव्हती, सौदा मोडला. जगदेवकडून साठ हजार वसूल झाले, बाकीचे मी दारात बसून काढीन.

चंदा कामावर येते. सकाळचीच गाडी, तशीच पावती. बाया म्हनतात, झालं गेलं मिटलं. कशाचं मिटलं? ते पान बुकात तसंच हाय, कोनी बी उघडलं तं पहिलं नाव माहंच दिसते. अन् सहीची वेळ आली की पोरगी बुक माह्यापुढं सरकवते, ओळीखाली बोट ठेवते अन् म्हनते, "कस्तुराबाई, वाचून सही करा."

पहिले काकू म्हनत जाये.