सिस्टरांचा देव

चैत्रातल्या सकाळी दार उघडलं की कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट-गोड वास अंगणभर पसरलेला असतो. सोलापूरचं ऊन अजून पुरतं तापलेलं नसतं. आज तो वास आला आणि मी हातातलं काम ठेवून पायरीवर बसले. याच दिवसांत, बावीस वर्षांपूर्वी, माझं पहिलं बाळ जन्मलं आणि तासाभरात गेलं. मुलगी होती.

आमच्या शेजारी एक निवृत्त परिचारिका राहत. मूळच्या मोहोळकडच्या, ख्रिस्ती. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणे. त्यांची हयात प्रसूतिगृहात गेलेली. ठेंगणी मूर्ती, पांढरं सुती पातळ, आणि इतकी वर्षं शहरात राहूनही न सुटलेली गावाकडची बोली. मी रिकाम्या हातांनी घरी आले तेव्हा भेटायला येणारं प्रत्येक माणूस काही ना काही समजावून जाई. कुणी नशीब म्हणे, कुणी म्हणे वय आहे अजून, दुसरं होईल. सिस्टर मात्र दुपारी गुपचूप येत. मला पान्हा फुटत होता आणि प्यायला कुणी नव्हतं, हे त्या एकट्यांनीच ओळखलं होतं. ठणका उतरावा म्हणून छातीवर ठेवायला कोबीची गार पानं आणत, पेलाभर आंबील समोर ठेवत आणि भिंतीला टेकून बसून राहत.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "नाव काय ठिवलं हुतं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. पोटात असतानाच मी मनाशी एक नाव योजलं होतं. ते पहिल्यांदा उच्चारलं. सिस्टरांनी ते दोनदा हळूच म्हणून पाहिलं, जणू एखादं बाळ या हातातून त्या हातात घ्यावं तसं. आणि माझा बांध फुटला.

"जीव तुमचा देव निर्माण करतो म्हणता ना, सिस्टर? मग तासाभरासाठी कशाला केला?"

त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "मला न्हाय ठावं, पोरी. लई येळा इचारलंय त्याला. अजून सांगितलं न्हाय." पदराने त्यांनी कपाळ पुसलं. "पर एक बघितलंय. बाळ भाईर येतं, निळं, गप. आन् एकदम श्वास घेतं. त्यो श्वास मी कदी घातला न्हाय, डाक्टरनंबी न्हाय. आमी नुसतं हात धुऊन हुबं. देणारा येगळाच हाय. त्याला सुरवात न्हाय, शेवट न्हाय. मग त्यानं दिलेला जीव तासाभरात संपंल कसा? तुज्या हातातनं गेली ती. त्याच्या हातातनं न्हाय."

"मला तुमच्या देवाचं काही ऐकायचं नाही," मी म्हणाले. सिस्टरांनी पेला विसळून पालथा घातला आणि त्या निघून गेल्या. मला वाटलं, रागावल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्या पुन्हा भिंतीला टेकून बसलेल्या होत्या.

मग ईस्टर आला, येशू मरणातून उठला म्हणून साजरा होणारा सण. आदल्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "सकाळच्याला संगं येतीस का? कबरस्तानात जातो आमी, फुलं घिऊन." सासूबाई दचकल्या. "सव्वा महिना न्हाय झाला की अजून! बाळंतीण बाई अशा जागी?" नवरा इतकंच म्हणाला, "जाऊ दे तिला."

सूर्य नुकता वर येत होता. चुना दिलेल्या कबरींवर शेवंती-झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, नवे कपडे घातलेली माणसं. पेटीच्या सुरावर मराठी भजनं चाललेली. मला वाटलं होतं तिथे रडारड असेल. ही माणसं तर घरच्यांना भेटायला आल्यासारखी एकमेकांना शुभेच्छा देत होती. सिस्टर थेट कोपऱ्यात गेल्या आणि एका वीतभर उंचीच्या दगडापाशी उकिडव्या बसून गवत उपटू लागल्या.

"कुणाची?" मी विचारलं.

"माजी. थोरली. तीन दिसांची हुती."

या बाईनं आपली लेक इथं ठेवून जन्मभर दुसऱ्यांची बाळं हातांत झेलली होती.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुजं दुख तुजं हुतं की. त्यात माजं कशाला कालवू?"

त्यांनी ओंजळीतली निम्मी फुलं माझ्या हातात दिली. माझ्या मुलीला कुठे पुरलं, ते मला कुणी दाखवलं नव्हतं. सिस्टर बाजूला सरकल्या. "हितंच वाहा. दोगींना पुरतील." मी फुलं वाहिली आणि त्या नावानं मुलीला हाक मारली. अशी हाक पहिल्यांदाच.

पुढे मला दोन मुलगे झाले. सिस्टर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी ख्रिस्ती झाले नाही, त्यांनी कधी तसं सुचवलंही नाही. अनादी-अनंत असा कुणी जीवनदाता आहे का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पण ज्या विश्वासाला टेकून एक बाई अशी उभी राहू शकली, त्याला पोकळ म्हणण्याचं धाडस माझ्यात नाही. मुलं किती, असं कुणी विचारलं की मी पूर्वी दोन सांगायची. आता तीन सांगते. आणि तसं सांगताना, तिला तासाभरात पळवून नेणारा काळ मला पूर्वीइतका चोर वाटत नाही.