बंद मोटारीची पारख

आमच्या घरात आलेला पहिला इंग्रजी कागद चार महिने वाशाला खोचलेला होता. रानाचा गार्ड देऊन गेला. माझ्या बाने तो दोन्ही हातांनी घेतला, पळसाच्या पानात गुंडाळला आणि कसर लागू नये म्हणून चुलीच्या धुरात ठेवला.

आम्ही नंदिगड्ड्याचे. डोंगराच्या उतारावरची झुडपं तोडून जाळायची आणि त्या राखेत नाचणी टाकायची, ही आमची कुमरी. आज्याच्या आज्यापासून चालत आलेली. कागदात लिहिलं होतं की ही जमीन राखीव रानात जाणार. कुणाचा हक्क असेल त्याने ठरल्या तारखेआधी सुप्याच्या कचेरीत येऊन सांगावा. हे आम्हाला कळलं ते नाचणी गुडघाभर झाल्यावर, गार्ड लोकांनी ती उपटून टाकली तेव्हा. त्या वर्षी रानातले कंद आणि फणसाच्या आठळ्या खाऊन राहिलो. बा पुढे कितीतरी वर्षं एकच बोलायचा, "कागद घरात हुता, आन आमी उपाशी."

माझी शाळा त्या वाक्यातून निघाली. आधी हल्याळ, मग बेळगाव, मग धारवाड. वखारीत झाडलोट केली, दुसऱ्यांच्या ओसरीवर झोपलो, आणि बी.ए. झालो. आसपासच्या दहा गावांत कुणी झालेलं नव्हतं. हे मी फुशारकीने सांगतो. फुशारकी मारावी असंच ते होतं.

परत आलो तो एकच गोष्ट मनात धरून. नंदिगड्ड्याला शाळा काढायची. कचेरीने सांगितलं, इमारत गावाने द्या, मास्तर आम्ही देतो. भिंती आम्ही घातल्या. अडलं ते छपराच्या लाकडावर. रानात राहणारे आम्ही, पण रानातलं एक झाड तोडायची आम्हाला मुभा नव्हती. कायदेशीर लाकूड होतं ते कॅसलरॉकच्या स्टेशनाजवळ वखार असलेल्या कंत्राटदारांकडे. त्यांनी बाला शब्द दिला होता, की गणपती झाले की वासे देतो.

त्याच पावसाळ्याच्या आधी कंत्राटदारांनी मोटार घेतली होती. रेल्वेच्या वाघिणीतून आली. उघड्या टपाच्या मोटारी आम्ही साहेबांकडे पाहिल्या होत्या, पण ही चारी बाजूंनी बंद, वर-खाली होणाऱ्या काचांची, आत मखमली गाद्या आणि फूल ठेवायला काचेची नळी. महिन्याभरात मँगनीजच्या खाणीच्या मालकांनीही हुबेहूब तशीच आणली. दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नसे. पण आता एकाच जातीच्या मोटारी दारात असल्यामुळे व्याही झाल्यासारखे वागू लागले.

गणपती होऊन आठ दिवस झाले असतील. बाला घेऊन मी वासे निवडायला वखारीत गेलो, तर कंत्राटदार आणि खाणवाले दोघे ओसरीवर बसलेले. समोर मुंबईचं एक इंग्रजी साप्ताहिक. त्यात मोटारी चालवून पाहून त्यांचे गुणदोष लिहिणारा एक जाणकार साहेब होता, आणि ह्या खेपेला त्याने ह्यांच्याच मोटारीवर लिहिलं होतं. स्टेशनमास्तरने चित्र ओळखून अंक पाठवला होता. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. खाणवाल्यांनी तर छापील इंग्रजी म्हणजे सरकारी हुकूम असं धरून मोटार गोठ्यात नेऊन गवताखाली झाकली होती, आणि ती दुरुस्तीला बेळगावला गेली असं सांगत होते. मला हसू आलं नाही. आमच्या मुलखात छापील इंग्रजीने आजवर कुणाचं भलं केलं नव्हतं.

मी वाचून दाखवलं. गाद्या उत्तम, आवाज कमी, रंगकाम देखणं. इथवर दोघांच्या माना डोलत होत्या. पुढे साहेबाने लिहिलं होतं, की अंगाच्या मानाने इंजिनात जोर नाही, सहा माणसं घेऊन घाट चढताना पाणी उकळतं, आणि दमट हवेत दारं फुगतात. तेही मी जसंच्या तसं सांगितलं.

हुकूम नाही हे कळून खाणवाल्यांचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्यावर ते कंत्राटदारांपेक्षा जास्त भडकले. त्यांचं म्हणणं, साहेबाने आमची मोटार पाहिली कधी? चोरून पाहिली असणार. मी सांगितलं, त्याने मुंबईत दुसरीच पाहिली.

"मग झालं तर," कंत्राटदार म्हणाले. "मुंबईचा एक बैल लंगडा निघाला, म्हणून माझा बैल लंगडा?"

मोटारी कौलांसारख्या असतात, एका साच्यातून निघतात, एकीत जे असेल ते सगळ्यांत असतं, असं मी समजावत राहिलो. ते काही त्यांना पटलं नाही. दारातली मोटार त्यांनी कुंकू लावून घरात घेतली होती. ती कौलासारखी कशी असेल?

मग कंत्राटदारांनी मुद्दा काढला. मी त्या साप्ताहिकाला इंग्रजीत पत्र लिहायचं. आमची मोटार सहा माणसं घेऊन एका दमात घाट चढते, आणि खाली माझी सही, बी.ए. सकट. पत्र गेलं की उद्याच वासे गाडीवर चढतील.

मी म्हटलं, "चढताना मी पाहिलेली नाही. कसं लिहू?"

"तू बी.ए. झालास ते तुझ्या बानं बघितलंय व्हय? कागदावरच हाय न्हवं ते?"

बा पायरीवर बसला होता, त्याने तोंड उघडलं. "धनी, बैल घेताना आमी चढाला जुंपून बघतो. मोटारीला का न्हाई?"

खाणवाल्यांसमोर कंत्राटदारांना नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसलरॉक गावाबाहेरच्या चढावर गेलो. लाकडाच्या बैलगाड्यांना तिथे जादा जोडी लावावी लागते. मोटारीत ड्रायव्हर, दोघे मालक, एक मुकादम, मी आणि बा. बा मखमलीवर पाय टेकवेना. वहाणा मांडीवर घेऊन मांडी घालून बसला. दोन वळणं झोकात गेली. तिसऱ्याला मोटार धापा टाकू लागली, पुढून वाफ उठली आणि ती थांबली. ड्रायव्हरने उडी मारून चाकाखाली धोंडा लावला. कंत्राटदारांकडचं दार फुगून बसलेलं, ते उघडेना. मुंबईच्या साहेबाला शिव्या घालत ते दुसऱ्या बाजूने बाच्या मांडीवरून बाहेर आले. बाने कुणी न सांगता ओढ्याचं पाणी आणून दिलं.

इंजिन निवल्यावर बा आणि मुकादम खाली राहिले. चार माणसांनिशी मोटार न थांबता माथ्यावर गेली.

खाली आल्यावर कंत्राटदार म्हणाले, "आता बघितलंस. सहा मान्सं लिही."

"चार लिहितो."

"मग शाळेवर गवतच घाल."

घरी परतताना मी बाला विचारलं, चुकलं का माझं? तो म्हणाला, "तू एकडाव खोटा कागद लिवलास, तर तुजं वाचलेलं मी खरं कसं धरू?"

पंधरा दिवस गेले. छप्पर नसलेल्या भिंती ओल धरू नयेत म्हणून आम्ही त्यांवर झावळ्या टाकत होतो, तेव्हा ती मोटार चिखल उडवत गावात आली. कंत्राटदार उतरले, दुसऱ्या बाजूनेच. हातात रानाच्या लिलावाच्या अटी, इंग्रजीत. त्यांच्या कारकुनाने वाचून दाखवल्या होत्या. सगळं धन्यांच्या सोयीचं आहे, असं तो म्हणाला होता.

"तो मला गोड लागंल तेच वाचतो," ते म्हणाले. "तू वाच. मोटारीचं वाचलास तसं."

वाचलं. अर्ध्या अटी त्यांच्या सोयीच्या नव्हत्या. सगळं ऐकून घेऊन ते आमच्या बिनछपराच्या भिंतींपाशी गेले. मग म्हणाले, "मुंबईला पत्र लिही. चार मान्सं म्हन. पन एका दमात म्हन."

ते खरंच होतं. तसं लिहिलं. छापून आलं की नाही, मला कळलं नाही.

वासे तिसऱ्या दिवशी आले. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली, पहिल्या दिवशी एकवीस मुलगे आणि चार मुली. आज नंदिगड्ड्यात इंग्रजी नोटीस वाचून अर्थ सांगू शकणारी सात माणसं आहेत. त्यांतली सहा ह्या शाळेतून शिकली.