मागचा बाक

आईचं अंथरूण मी बसच्या मागच्या बाकावर घातलं, ही चूक माझी. तिनं नको म्हटल्यावर चार लोकांत तिला बोललो, ही त्याहून मोठी. या दोन्ही मी इथं कबूल करतो. पण बस विकत घेऊन तिचं घर केलं, याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही. तेव्हाही नव्हती.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी रस्त्याच्या कामावर रोडरोलर आणि डांबराच्या गाड्या दुरुस्त करणारा फिटर होतो. काम निघेल तिथं बिऱ्हाड. कधी भोर, कधी वेल्हे, कधी पानशेतच्या अंगाला. पगार वेळेवर व्हायचा, लोक ‘मेस्त्री’ म्हणून मानानं हाक मारायचे. गाडं अडायचं ते घरापाशी. भोरात एका घरमालकानं मला आणि बायकोला दोन खोल्या दाखवल्या, मोरी दाखवली, नळाची वेळ सांगितली. आत चहाही सांगितला. मग आडनाव विचारलं. चहा काही बाहेर आला नाही.

“माझं काहीच म्हणणं नाही हो,” तो म्हणाला. “पण घरात म्हातारी आहे. तिला चालायचं नाही.”

आम्ही बौद्ध. दीक्षा घेऊन इतकी वर्षं झाली तरी दर घरात अशी एक म्हातारी निघायचीच. वेल्ह्यात तर एकट्या राहणाऱ्या माणसानंही मला म्हातारीचंच कारण सांगितलं. बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, “याची म्हातारी राहते कुठं?”

“डोक्यात,” मी म्हणालो.

त्याच दिवशी ठरवलं, आता कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. घरालाच चाकं लावायची. पुण्याला बाद झालेल्या प्रवासी बसगाड्यांचा लिलाव होता. पुढं नाक काढलेली, जुन्या घडणीची एक बस मी घेतली. इंजिन थकलेलं होतं, मेलेलं नव्हतं. रस्त्याच्या कामाच्या मैदानात, डांबराच्या पिंपांशेजारी ती उभी केली आणि सुट्टीच्या दिवशी, कामावरून आल्यावर, तिच्या मागं लागलो.

बाकांचे बोल्ट गंजून तळाला चिकटले होते. त्यांना घासलेट पाजायचं, मुरू द्यायचं आणि मग छिन्नीनं उडवायचे. बाकांच्या लोखंडी चौकटी कापून कपाट केलं. ड्रायव्हरच्या मागं पत्र्याचा ओटा, त्यावर स्टो. मध्ये पडदा लावून आमचा पलंग. पाण्याच्या पिंपाला कड्या घालून बांधलं, खड्ड्यात गाडी आदळली तरी सांडू नये म्हणून. मागचा आडवा बाक तेवढा तसाच ठेवला. बसमधली सगळ्यात लांब जागा ती. त्यावर नव्या कापसाची गादी घातली. आईसाठी.

भोरचा तो घरमालक एकदा वेल्ह्याला कामासाठी आला होता. मला टपावर रंग देताना बघून थांबला.

“काय मेस्त्री, गाडीत संसार?”

“हो. आमची म्हातारी पण येतेय राहायला,” मी वरूनच म्हणालो. “तिला सगळं चालतं.”

हे वाक्य मी पुढं किती दिवस मिरवलं! आणि आमची म्हातारी आली.

हिर्डोशीहून तिला आणलं त्या दिवशी आम्ही वंदना घेतली, खीर केली. कामावरची माणसं घर बघायला जमली होती. आईनं ओट्यावर हात फिरवला, पडदा ओढून बघितला. खूश दिसली. मग म्हणाली, “आन् माजं कुठं?”

“मागं, आये. सगळ्यात मोठी जागा तुला.”

तिनं त्या बाकाकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला.

“म्या मागं न्हाई झोपायची.”

“का? गादी नवी आहे.”

“न्हाई म्हनलं ना. हितं खाली टाक, पायरीपाशी टाक. मागं न्हाई.”

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, “मेस्त्री, तुमची म्हातारी लई अवघड हाय!” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी माझ्याही घरात म्हातारीला चालेना. मी मोठ्यानं म्हणालो, “जन्म कुडाच्या खोपटात गेला. चांगल्याची सवयच नाही हिला.”

आई पायरीपाशीच आडवी झाली. सकाळी गाठोडं बांधून निघाली. बायको मला म्हणाली, “आत्यांना विचारा तरी, मागं का नको ते.” मी विचारलं नाही. मला वाटत होतं, सांगायचं तर तिनंच सांगावं. सगळा पावसाळा असा गेला. मागचा बाक रिकामा, आणि मी त्याच्याकडं पाठ करून जेवायचो.

भातं निघाल्यावर बायकोनं फारच लावून धरलं, म्हणून आईला आणायला हिर्डोशीच्या एसटीत बसलो. मनात माफी नव्हती, तिला काय काय सुनवायचं त्याची जुळवाजुळव होती. वाटेत आमच्या वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या चढल्या. गाडी जवळजवळ रिकामी होती, तरी सगळे बाक ओलांडून त्या थेट मागं जाऊन बसल्या.

“मावशी, पुढं या की. मागं आदळतं.”

“आसू दे, बाबा.”

“अहो, सगळी गाडी मोकळी आहे.”

त्यातली एक हसली. “पाय ऐकत न्हाईत रं. येष्टी येयाच्या आदी खाजगी सर्विस मोटारी व्हत्या तवा आमाला मागलाच बाक. गर्दी झाली की त्योबी न्हाई, टपावर गठुड्यांत बसायचं. तुजी आय तेवढी नेटाची. एकदा करवंदाची पाटी घिऊन पुढं बसली. क्लीनरनं भर रस्त्यात उतरवली तिला, पाटी दिली भिरकावून. पर मागं न्हाईच बसली. त्या दिसापासनं भोरला चालत जायची.”

आई भोरला चालत जायची, हे मला माहीत होतं. भाडं वाचवायला जाते, असं आम्ही भावंडं समजत होतो.

मी पुढच्याच थांब्यावर उतरलो. रिकाम्या हातानं तिच्यासमोर जायचं तोंड नव्हतं. वेल्ह्याला परतलो आणि करवत घेऊन मागचा बाक कापून काढला. ओटा, स्टो, पिंप सगळं मागं नेलं. पुढं डाव्या हाताला, पहिल्या खिडकीशी आईचा पलंग केला. त्या बाकाची एक फळीसुद्धा त्याला वापरली नाही. आणि अख्खं घर घेऊन हिर्डोशीला निघालो.

वस्तीपाशी हॉर्न वाजवला तशी सगळी माणसं गोळा झाली. वरच्या आळीतलेही बघायला आले. “कुठली सर्विस म्हनायची ही?” एकानं विचारलं. “माझं घर आहे,” मी म्हणालो. आई दारातनं आली. कुणाशी न बोलता वर चढली. आधी मागं बघितलं, मग पुढच्या पलंगावर बसली, हातानं गादी दाबली आणि खिडकीतून खाली माझ्याकडं बघत म्हणाली, “तवा चार मान्सांत बोल्लास. आता काय बोलायचं ते हितंच बोल. समद्यांसमूर.”

मी डोक्यावरची टोपी काढली.

“आये, मी तुला मागं बसवलं. का नको म्हणतेस ते विचारलं नाही, आणि लोकांत तुला नाही नाही ते बोललो. तू बरोबर होतीस. मी चुकलो, मला माफ कर.”