भिंतीपलीकडच्या बांगड्या

नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत तेव्हा रेडिओ मोठ्याने लावायची सोय नव्हती. शेजारचे काका लगेच भिंतीवर थाप मारायचे, "आवाज कमी!" कुकरची शिट्टीसुद्धा त्यांना खपायची नाही. काकूंच्या बांगड्यांवरूनही कुरकुर चालायची. काकू हसून त्या मुद्दाम वाजवायच्या.

काकू गेल्या आणि त्यांनी पाळलेल्या कुत्र्याच्या पिल्लाने खाणंच सोडलं. काकांनी दूध-पोळी कुस्करून दिली, डॉक्टर आणले, रागावूनही पाहिलं. शेवटी मला म्हणाले, "ती बोलवायची तसं मला नाही हो जमत."

एका संध्याकाळी भिंतीपलीकडे बांगड्या वाजल्या. चरकून मी मागच्या दारी गेले. काका उकिडवे बसले होते. काकूंच्या ठेवणीतल्या हिरव्या बांगड्या सुतळीत ओवून ताटलीजवळ हलवत होते. पिल्लाने कान टवकारले, ते धावत आलं आणि लपालपा खाऊ लागलं. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

ताटली रिकामी झाली, पिल्लू तिथेच झोपलं. मी घरात येऊन रेडिओ बंद केला. पलीकडे बांगड्या अजून वाजतच होत्या.