सिरक्याचा वास

सिरक्यात कांदा टाकला, की त्या आंबट वासानं मला साखरा गावच्या शाळेतलं शिबिर आठवतं. गर्भपिशवीच्या तोंडाला सिरका लावून कॅन्सर बघतात, पांढरं पडलं तर दोष, असं आशाताईनं घरोघर सांगितलं होतं. मला मधेच अंगावरून लाल जायचं, म्हणून मी हट्टानं गेले आणि राखणीला सासूबाई आल्या. व्हरांड्यात आम्ही सगळ्या सुना पदर तोंडाशी धरून बसलो, कारण सासवांच्या आधी उठायचं कुणी? सासवा म्हणत, "आमाला काहून? आमचं आता सरलं." शेवटी मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, तुमी गेल्याबिगर मी कशी जाऊ?" "तुझ्यापायी जाते," म्हणत त्या चिडून उठल्या. पडद्याआडून वास येत राहिला, पण त्या काही येईनात. मग सिस्टरनं मलाही आत नेऊन तपासलं. माझं साफ निघालं. हायसं वाटून मी वळले, तर सासूबाई आतच भिंतीला टेकून उभ्या. "पांढरं माझं पडलं गं," त्या म्हणाल्या. हिंगोलीला उपचार वेळेत झाले. आजही जेवताना सिरक्यातल्या कांद्याची वाटी त्या माझ्याकडं सरकवतात आणि मी ती परत सरकवते, "आधी तुमी."