काळी तीन

दुपारचं जेवण अंगावर आलंय. वेक्सफर्डहून आमची बस डब्लिनला परत निघालीय आणि खिडकीबाहेर नुसती हिरवी कुरणं आणि मेंढ्या. माझी पापणी मिटते, उघडते, पुन्हा मिटते.

मघाशी नुआला यादी घेऊन आली होती. ती आमची इथली गाइड. आठ दिवस नाटकं आणि ऑपेरा दाखवून झाले, आता संध्याकाळी डब्लिनच्या एका छोट्या नाट्यगृहात निरोपाचा कार्यक्रम. ज्याला जे येतं ते त्यानं करायचं, साथीला पियानो आहे. मी चाळीस वर्षं संगीत नाटकांत गायले हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे. मी नाही म्हटलं. उतरण्याआधी पुन्हा विचारते म्हणाली. विचारो बापडी, विचारणारीचं तोंड कुणी धरलंय?

शेजारच्या सीटवर दामूअण्णा बसलेत. आमचे ऑर्गनवाले, पाच वर्षांपूर्वी गेलेले. धोतर, कोट आणि वरच्या खिशात खडूचा तुकडा. गाणाऱ्याचा सा जिथे, त्या पट्टीवर ते खडूची रेघ ओढायचे, विंगेच्या अंधारात घोटाळा नको म्हणून. माझी रेघ कायम काळी पाचवर.

ऑपेरा कसा काय, ते विचारतात. मी सांगते, बिनमाइकचं गातात हो, आपल्या जुन्या लोकांसारखं. पण मध्येच वन्समोअर देत नाहीत. काल माझ्या तोंडून निघतच होता, पदर तोंडावर दाबला. अण्णा खांदे हलवून हसतात.

बसची मधली वाट लांबत जाते. सीटांच्या जागी कपड्यांच्या ट्रंका आहेत, पुढे ड्रायव्हर पडद्याची दोरी धरून उभा. नारळ आत्ताच फुटलाय, खोबऱ्याचा वास येतोय. ही आमची रत्नागिरीची विंग आणि ही नाट्यस्पर्धेची संध्याकाळ, मी ओळखते. दुसरी घंटा झालेली आहे.

त्या दिवशी अण्णा हळूच म्हणाले होते, आज जरा खाली, काळी तीनवर घेऊ, तुमचा आवाज थकलाय. मी सगळ्यांसमोर फटकन बोलले की थकलेत ते तुमचे हात, थरथरतात, घरी बसा आता. आणि गेले स्टेजवर तोऱ्यात. अंतऱ्यात माझा आवाज फुटला. तेव्हापासून मी गायले नाही. अण्णा खरंच घरी बसले आणि दोन महिन्यांत गेले. मी भेटायला गेले नाही, लाज वाटली.

"अण्णा, चुकलं माझं," मी म्हणते. "तुमचे हात थरथरत नव्हते."

"थरथरत होते, कुमुदबाई. वर्षभर मी अवघड जागा गाळून वाजवत होतो. तुम्हाला कळलं का?"

मला कळलं नव्हतं. कुणालाच कळलं नव्हतं. मला रडू येतं आणि रागही येतो, माझा मलाच.

"मग तेव्हा सांगायचं नाहीत का?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

ते खडू माझ्या हातात देतात. इतकी वर्षं मी ओढली, आज रेघ तुम्ही ओढा, म्हणतात. समोर ऑर्गन आहे, पण बाहेरून पियानोसारखा काळा, चकचकीत. माझं बोट सवयीनं काळी पाचकडे जातं. तिथून मीच ते ओढून आणते. काळी तीनवर रेघ दाबून काढते, खडूचा चुरा होतो. अण्णा त्या पट्टीवर बोट ठेवतात. सूर माझ्या गळ्यात सहज बसतो.

तिसरी घंटा.

बस सिग्नलला थांबलीय, बाहेर सायकलवाला घंटी वाजवतोय. डब्लिन आलं. नुआला यादी घेऊन उभी आहे. शेजारच्या सीटवर माझी शाल तेवढी.

"माझं नाव घाल," मी तिला सांगते. "आणि पियानोवाल्याला म्हणावं, सूर मी दाखवीन."

ती पेन पुढे करते. घ्यायला मी हात उचलते, तर पहिल्या बोटाच्या टोकाला पांढरी भुकटी. नखाच्या कडेतसुद्धा. नुआला पर्समधून कागदी रुमाल काढून देते.

मी तो परत करते. संध्याकाळपर्यंत हा हात धुवायचा नाही.